जावयाशी डाव

११ नोव्हेंबर, सोमवार
मशीनवरच्या उमरची दोन बोटं गेली. प्रेसखाली. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो — त्याची वायर आम्हीच काढून ठेवलेली. मी आणि अर्जुनराव, दोघे शिफ्ट इन्चार्ज. सेन्सर मशीन उगाच थांबवायचा, माल मागे पडायचा. वर रोज 'सेन्सर चालू' म्हणून दोघांच्या सह्या!
जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर
एचआरच्या ज्ञानेशने एकेकट्याला बोलावलं. पोरगा भलताच नम्र. "काका, शुक्रवारी लेखी द्या. वायर कुणी काढली ते नाव जो देईल तो राहील, दुसरा बाहेर. दोघांनी एकमेकांचं दिलं, तर दोघंही बाहेर. दोघंही गप्प, तर दोघांना महिनाभर घरी."
साम, दाम, दंड, भेद शाळेत घोकले होते. भेद इतक्या गोड आवाजात येतो, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.
म्हणजे दोघांनी गप्प बसायचं. अर्जुनरावांना एवढंच विचारायचं! दुसरा कुणी असता तर कॉलर धरून विचारलं असतं. पण हे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान. घरचे जावई. वीस वर्षांत "या, बसा, घ्या" यापलीकडे मी गेलेलो नाही.

१३ नोव्हेंबर
शिफ्ट बदलताना गेटवर समोरासमोर. "बरंय ना?" "बरंय."

१४ नोव्हेंबर, गुरुवार — सुट्टी
विचारायचंच म्हणून सुमनला आणि त्यांना थेरगावला आमच्या घरी जेवायला बोलावलं. तोंडाशी आलेला प्रश्न दर वेळी मासवडी होऊन बाहेर पडला. "अर्जुनराव, अजून एक?" "नको दादा." "घ्या हो!"
सुमन म्हणाली, "दादा, खाऊ घालून मारतोस का ह्यांना?" कुणी हसलं नाही.
निघताना ते माझ्या पाया पडले. दिवाळी सरलेली, निमित्त काही नाही!

१५ नोव्हेंबर
कागदावर 'अ' लिहिला. हात थांबला. यांची नोकरी गेली की सुमन माहेरी येणार, आणि दार मीच उघडणार. खाडाखोड नको, म्हणून त्या 'अ'चंच 'अवगत नाही' केलं. सही केली.
उमरसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. त्याच्या घरी जायची अजून हिंमत नाही.

१६ नोव्हेंबर
सुमनचा फोन. "दादा, ह्यांनी तुझं नाव दिलं. मीच द्यायला लावलं. तू गप्प बसणार, मला माहीत होतं."
मी विचारलं, "जेवलीस का?"