बोटांपुढची जागा

प्रिय वहिनी,

हे खोकं घरी नेऊ नकोस. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंना मी बजावलंय की ते तुझ्या काउंटरवर, तुझ्याच हातात द्या. मागच्या खोलीत जा, दार लावून घे, आधी पत्र वाच आणि मग बूट बघ. फोन केला असता, पण तुझा फोन तुझ्याआधी कोण उघडतं ते मला ठाऊक आहे. नणंदेचं पत्र म्हटल्यावर तुला वाटेल, हिने काहीतरी कळ लावलेली असणार. लावलीच आहे. एवढी मोठी कळ आपल्या घरात आजवर कुणी लावली नसेल.

आधी बुटांबद्दल बोलते, कारण त्याबद्दल मला न अडखळता बोलता येतं. दिसायला ते काही देखणे नाहीत. दादाच्या दुकानातल्या चोचदार बुटांशेजारी ठेवलेस तर बदकाच्या जोडीसारखे दिसतील. पण कुणाचाही पाय बघ, तो बोटांकडे रुंद होत जातो, आणि आपण बूट नेमका तिथेच निमुळता करतो. ज्याने ही तऱ्हा काढली त्याने पाय कधी पाहिलाच नसावा. चोचदार बुटात अंगठा आत वळतो, करंगळी शेजारणीखाली दबते, आणि मधल्या बोटांना आडवं व्हायला जागा नसते म्हणून ती गुडघे वर करून बसतात. त्या गुडघ्यांवर कुरुपं होतात. काही वर्षांनी अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा गोळा येतो, आणि मग बाई म्हणते, माझा पायच मेला वाईट. पाय वाईट नसतो गं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी हेच सांगत असते आणि त्या मान डोलावून पुढच्या लग्नाला पुन्हा चोचदारच घालतात. माझं माप घ्यायचं तंत्र आईचं आहे. गिऱ्हाइकाला उभं करायचं, कारण अंगाचा भार पडला की पाय पसरतो, आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी सोडायची. आई त्या जागेला बोटांचं अंगण म्हणायची.

आईचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल. आमचं बुटांचं वर्कशॉप खाली आणि घर वर. बाबा बूट फार सुंदर करायचे, लांबून गाड्या करून बायका यायच्या. पायातली वहाण पायातच बरी, ही त्यांची आवडती म्हण, आणि ती म्हणताना ते आईकडे बघायचे. सुरुवातीला फर्म्याने मारायचे, म्हणजे ज्या लाकडी पायावर बूट चढवतात ना, त्याने. पण पाठीवरचे वळ शेजारणींना दिसतात, फुटलेला ओठ दूधवाल्यालाही दिसतो. मग त्यांनी युक्ती काढली. आईला भिंतीला टेकवून एका हाताने तिचा गळा धरायचे, कामाच्या बुटाची टाच तिच्या बोटांवर ठेवायचे आणि सगळं वजन टाकायचे. सावकाश, कातड्यावर ठसा उमटवतात तसं. ओरडलीस तर दुसरा पाय, असं अगदी हळू आवाजात सांगायचे. दादा आणि मी टेबलाखाली लपलेलो असायचो आणि टेबलाखालून माणसांचे फक्त पायच दिसतात. दादा माझं मनगट इतकं घट्ट धरायचा की त्याच्या नखांनी रक्त यायचं. नंतर मी आईच्या पायांना कोमट तेल चोळायला बसले की ती म्हणायची, "बूट घट्ट होते गं." बुटाचं दुकान असलेल्या घरात मालकिणीचे बूट जन्मभर घट्ट! गिऱ्हाईक बायका यावर हसायच्या, आणि आईही त्यांच्याबरोबर हसायची.

आई गेली, पाठोपाठ बाबाही गेले. दादाने दुकान घेतलं आणि मी आईची आरी, कातडं कापायची रापी आणि लोखंडी ऐरण घेऊन या दोन खोल्यांत आले. दुखऱ्या पायांचे बूट करते म्हणून दादा मला पायांची डॉक्टरीण म्हणून चिडवायचा. मला ते आवडायचं. दादा मनाने वाईट नाही, असं मी पुढे लिहिणार होते. नाही लिहीत. तू घरात आलीस तेव्हा मला काय आनंद झाला होता! जिन्यावरून तुझं हसणं आधी वर यायचं आणि तू मागून. मग दादाने तुला दुकानातले बूट घालून काउंटरवर पाठवायला सुरुवात केली. बायको म्हणजे चालती जाहिरात, असं चारचौघांत म्हणायचा. तू दिवसभर त्या चोचांवर उभी राहायचीस. हळूहळू तुझं हसणं जिन्यावर ऐकू येईनासं झालं, आणि मी समजत होते की दमत असेल बिचारी.

गेल्या महिन्यात तू माप द्यायला आलीस ते आठव. मी कागद अंथरला आणि उभी राहा म्हटलं, तर तू म्हणालीस, बसूनच घे ना. कुणी असं म्हटलं की मी आणखीच हट्टाला पेटते. तू टेबलाला धरून उभी राहिलीस आणि मी पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर बसले. डावा पाय माझ्या रोजच्या ओळखीचा होता, अंगठा वळलेला, करंगळीवर कुरूप. उजव्यावर तेवढं सगळं होतंच, पण मधल्या तीन बोटांची नखं काळी पडली होती, एक बोट चपटं झालं होतं आणि त्यांच्यावर वरून एक अर्धगोल वण होता. चोचदार बूट बाजूंनी दाबतो, वहिनी, वरून असा वण तो उठवत नाही. आणि बुटाला काय, डावा पाय आणि उजवा पाय सारखेच. हे काम बुटाचं नव्हतं. तो अर्धगोल मी लहानपणी तेलाच्या बोटांनी चोळलेला आहे. टाचेची मागची कड रुतली की तो तसाच उठतो. मी वर पाहिलं, तर तू खिडकीकडे बघत होतीस. "बूट घट्ट आहेत गं," म्हणालीस. तेच शब्द, तोच सूर. तू आईला कधी भेटलीही नव्हतीस.

मी तुझ्या पायाचा फर्मा कोरला, चवड्याला रुंद, आणि त्यावर हे बूट केले. बूट उतरवून फडताळात ठेवले होते आणि फर्मा टेबलावर होता, तेवढ्यात परवा दुपारी दादा आला. त्या फर्म्याकडे बघून त्याने विचारलं, हा कुणाचा. मी सांगितलं, तुझ्या बायकोचा. तो हसला. तिला माझ्या दुकानात बूट मिळत नाहीत का, म्हणाला. मग त्याने माझा हातोडा घेतला आणि फर्म्याच्या बोटांवर घाव घालत राहिला. टाच नाही, घोटा नाही, नेमकी बोटं. लाकूड उभं चिरलं तरी थांबला नाही. मी म्हटलं, फोड, मी दुसरा कोरीन, आणि तिचा पाय कसा काळा झाला तेही मला समजलंय. त्याने हातोडा टाकला आणि डाव्या हाताने माझा गळा धरला. अंगठा जबड्याखाली, जिथे बाबा ठेवायचे तिथेच. माझं डोकं भिंतीवर आपटलं. त्याने माझ्या बोटांवर टाच ठेवली, सगळा भार टाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ओरडलीस तर दुसरा पाय."

उभा जन्म बूट विकण्यात गेला त्याचा, पण समोरच्या बाईने पायात काय घातलंय ते त्याने पाहिलं नाही. कामाच्या वेळी मी जे बूट घालते त्यांच्या टोकात पोलादी वाटी असते, कारण ऐरण कधी पडेल सांगता येत नाही. तो वाटीवर भार देत राहिला आणि मला काहीच होईना. त्याला ते समजेना. आणखी जोर लावला तशी त्याची टाच सटकली, घोटा मुरगळला आणि तो स्टुलाला धडकून खाली बसला, उजवा पाय लांब करून. पायात त्याच्याच दुकानाचा चोचदार बूट, पातळ मऊ कातड्याचा. ऐरण माझ्या हाताशी होती. मी ती दोन्ही हातांनी उचलली, छातीपर्यंत आणली. थांबायला वेळ होता, वहिनी. मी थांबले नाही, सोडली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो इतक्या मोठ्याने ओरडला की शिवणकामवाल्या बाई मशीन सोडून धावत आल्या. बुटाचं टोक सपाट झालं होतं आणि शिवणीतून रक्त येत होतं. पाय सुजण्याआधी बूट काढावा लागतो, म्हणून मीच रापीने तो कापून काढला. कापताना त्याने माझं मनगट धरलं, अगदी लहानपणी धरायचा तसं, नखं रुतवून. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. त्याच्यासाठीच रडले, खोटं कशाला सांगू? पण ऐरण टाकल्याचा पश्चात्ताप शोधला तर सापडत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "ऐरण निसटली." आमच्या घरात पायांबद्दल खोटं बोलायचं काम बायकांचं. ते पहिल्यांदा त्याच्या वाट्याला आलं. मी म्हटलं, निसटली नाही, मी टाकली. आज सकाळी चौकीवरही तेच सांगून आले, आणि का टाकली तेही सांगितलं. गळ्यावर त्याची बोटं उमटलेली होतीच, ती दाखवली. माझं काय करायचं ते पोलीस ठरवतील, त्याची काळजी तू करू नकोस. तुझं नाव घेतलं नाही, कारण तुझा पाय दाखवायचा की नाही ते तुझं तू ठरवायचंस. पण उद्या संध्याकाळी दादाला घरी सोडणार आहेत. तो पलंगावर पडून पाणी मागेल, रडेल, माफी मागेल, आणि तुझं मन विरघळेल. माझंही विरघळतंय, म्हणून तर आजच लिहिलं. त्याचा उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे. तो घरी यायच्या आत निघ. घरी जाऊन कपडे भरत बसू नकोस, काउंटरवरून सरळ माझ्याकडे ये, मग आपण तुझा पाय डॉक्टरांना दाखवू. उजव्या बुटाला वरून जरा जास्त उंची ठेवली आहे, सुजलेली बोटं टेकणार नाहीत. याने चालता येईल, लागलंच तर पळताही येईल. बूट घालण्याआधी उजव्याच्या टोकात हात घाल. तिथे माझ्या घराची किल्ली आहे. आधी ती काढून घे, नाहीतर बोटांना टोचेल.

तुझीच,
कळलावी नणंद