पुष्पांजलीच्या काचेवरचे कुंकू

श्री. भगवंतराव व्याही यांस सोनाळ्याहून किसनरावाचा मनापासून रामराम. दसऱ्याचा मुक्काम आटोपून डोणगावला पोचल्यावर तुमचे गुडघे काय म्हणतात? माझी झोप मात्र पार उडाली आहे, आणि कारण आपल्या दोघांची नात पुष्पांजली. (तुमच्या मुलीची म्हणून हुशार आणि माझ्या मुलाची म्हणून हट्टी, हे तुमचेच म्हणणे.)

तिने पुण्याहून डबीत आणलेली काच तुम्ही पाहिलीच. तिच्यावर पोरीने प्रबंधासाठी पाच वर्षे खपून सिलिकॉनचे कण बसवले आहेत, डोळ्याला न दिसणारे. कशावरही उजेड पडला की तो चहूकडे उधळतो म्हणून ती वस्तू दिसते, इथवर मला चौथीच्या शिक्षणावर समजले. पण हिचे कण ठरावीक रंगाचा उजेड उधळतच नाहीत! आमच्या सौ. कलाबाईची हंड्याखालची चुंबळ हातात घेऊन तिने समजावले, "आबा, कणात एक हालचाल सरळ मांगंपुढं होते. दुसरी या चुंबळीले दोरा गुंडाळावा तशी फिरते. दोघींचा उजेड बाहेर निघते अन् एकमेकाले मारते. आत मोठा कल्लोळ, बाहेर काईच नाही."

"म्हंजे आपल्या घरासारखंच व्हय," कलाबाई म्हणाली. (तुम्ही तेव्हा हसलात, ते मला आवडले नाही.)

आता दसऱ्याला आपण हत्यारे पुजतो. विळा, वखराची पास, ट्रॅक्टरची किल्ली मांडली. मग नातीचेच हत्यार मागे का ठेवायचे? दुपारी तुम्ही घोरत असताना मी डबी उघडली, काचेला मधोमध हळदकुंकू लावले, वर झेंडूचे फूल ठेवले. नंतर काच मळकट दिसू लागली म्हणून तोंडाची वाफ देऊन उपरण्याने पुसली. चांगली दाबून पुसली. आणि मग उपरणेच उलटून पाहिले. पोरीची पाच वर्षे उपरण्याला लागली की काय? उन्हात धरून पाहिले, काही दिसेना. पण पुसण्याआधी तरी कुठे दिसत होते? ज्याचे यशच न दिसण्यात आहे, त्याचा नाश झाला हे माणसाने ओळखावे कसे? (आमच्या नळयोजनेचे असेच आहे, पण तिचे निदान उद्घाटन तरी दिसले होते.)

पोरगी डबी घेऊन परत पुण्याला गेली. मी तोंड उघडले नाही. हिचा प्रबंध माझ्यामुळे बुडाला तर ती पुन्हा मला आबा म्हणेल का, एवढाच घोर आहे. हे पत्र घरात कोणाला वाचून दाखवू नये.

तुमचा,
किसनराव

ता. क. खरे काम असे, की काच तुम्ही पुसली असे तिला सांगावे. तुमच्यावर, म्हणजे तिच्या नानांवर, ती रागावत नाही. शिवाय तुम्हाला जवळचे दिसत नाही, तेव्हा कोणालाही पटेल.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकायच्या आधीच तिचा फोन आला. "आबा, काचीले कुंकू कोनं लावलं?" घाबरून तुमचे नाव सांगून टाकले. ती खदखदून हसली. कुंकवाचा डाग काढायला तिथे काच औषधात धुतली. कण पक्के होते, हलले नाहीत. पण त्यांच्यावर कित्येक महिने चिकटलेली, मोठ्या सरांनाही न सापडलेली घाण गेली, आणि उगाच उधळणारा उजेड थांबला. आता प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘माझ्या नानांना’ असे छापणार म्हणते. तरी पत्र मिळताच तिला फोन करून खरे काय ते सांगावे. या वयात खोटे श्रेय घेणे तुम्हाला शोभत नाही.