दहाची कोरी ओळ

प्रिय फिलू,

किडे टाचलेले काचेच्या झाकणाचे सोळा ट्रे, सायकलच्या तारांचे दोन चिमटे, मुंग्या ओढून घ्यायची नळीची बाटली आणि दोऱ्याने शिवलेली एक वही. सगळं सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनमधल्या आपल्या गराजमध्ये मी या हातांनी केलं, कुठल्याही युनिव्हर्सिटीची पायरी न चढता. शनिवारी एक माणूस ते विकत घ्यायला आला. वही उघडली, तर पानन्‌पान तुझं अक्षर. म्हणून लिहितोय.

आठवतं? मी मुद्दाम किड्यांचे डंख घ्यायचो, किती दुखलं त्याला दहापैकी आकडा द्यायचो आणि तू स्टॉपवॉच धरून वहीत टिपायचीस. मधमाशी चार. तिची नांगी कातडीत राहते, माशी गेली तरी विष सोडत राहते. बुल अँट, ती इथली मोठी मुंगी, सहा. ती नांगी काढून पुन्हा मारते. "ओरड की जरा, नाहीतर वहीत काय लिहू?" म्हणायचीस. दहाची ओळ मी कोरी ठेवली होती. तेवढं दुखणं मला अजून भेटलं नव्हतं.

एकदा तव्याने तुझा हात भाजला. तू म्हणालीस, "नऊ." आणि मी, फुंकर घालायची सोडून, काय म्हणालो?

"बुल अँट सहा आहे, फिलू. नीट विचार करून सांग."

"बरं मास्तर, तीन लिहिते."

मग तुझा पोटाचा कॅन्सर, हॉस्पिटल. नर्सने विचारलं, शून्य ते दहा, किती दुखतंय? तू आधी माझ्याकडे बघितलंस. "थ्री," म्हणालीस. तिने तीन आकड्यापुरत्याच गोळ्या दिल्या. आणि मला, लिहायला लाज वाटते, अभिमान वाटला. माझी बायको आकडा नेमका सांगते!

चौथ्या सकाळी नर्सने तुझ्या उशीचा अभ्रा माझ्यासमोर धरला. दातांनी फाटलेला.

"फिलू, खरं किती?"

"दहाची ओळ तू कोरी ठेवलीयस ना. मी कशी भरू?"

त्या दुपारी औषध वाढवलं, पुढे तू गेलीस. पण आधीचे तीन दिवस मी कुठे ठेवू? काही डंख नुसते जाळतात, शरीराचं फारसं बिघडवत नाहीत, हे मीच तुला शिकवलं होतं. तुझं शरीर तर जळतही होतं आणि संपतही होतं. माझ्या वहीवर इतका विश्वास का ठेवलास गं?

दहाच्या ओळीत आज तुझं नाव लिहिलं. यापुढे कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी जवळ जाऊन बसेन. आकडा दुरुस्त करणार नाही. शब्द देतो.

त्या माणसाला नोंदींशिवाय किडे नको होते. वहीसकट आठ हजार डॉलर म्हणाला. मी नाही म्हटलं.

तुझाच,
सायमन