पांढऱ्या पट्टीचं कूळ

कार्लाइल, ३ मार्च १९८७

ती. विनी आत्यास, मॉइराचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं ठीक आहोत. डेझ्मंडची कंबर अधूनमधून धरते, पण शिडीवर चढायचं काही तो सोडत नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. माझ्या क्लोव्हर उंदरिणीला पिल्लं व्हावीत असं फार मनात आहे. दुकानातून आणली तेव्हा भेदरलेली होती. आता बाहीतून आत शिरते आणि गळ्याशी झोपते. तुझ्या घरात वीस वर्षं पाळीव उंदीर नांदतायत, प्रदर्शनांतल्या चषकांनी कपाट भरलंय. तेव्हा सुरुवात कशी करायची ते तूच सांग. डेझ्मंड म्हणतो, आत्याच्या नादी लागलीस तर मला झोपायला पिंजराच उरेल. म्हणतो असं, पण पिंजरा त्यानंच मोठा करून दिलाय.

उत्तर लवकर धाड, आणि माया आहे तशीच असू दे.
तुझी मॉइरा


हॅलिफॅक्स, ९ मार्च १९८७

चि. मॉइरा हिस अ. उ. आ.

पत्र वाचून आनंद झाला आणि रागही आला. क्लोव्हरची आई कोण, आजी किती जगली, कशानं गेली, तुला ठाऊक आहे? नाही ना? मग तिला पिल्लं नकोत. तिचे लाड कर, तेवढं पुरे.

आधी घरं शोध, मग नर. एका वेताला दहा-बारा पिल्लं होतात. उंदीर एकटा झुरतो, म्हणून द्यायची ती जोडीनंच. पाच आठवडे झाले की नर-माद्या वेगळ्या करायच्या. आणि कुणाला नकोसं झालं, तर ते पिल्लू म्हातारं होऊन का होईना, तुझ्याच दारी परत आलं पाहिजे. एवढं कबूल असेल तर एप्रिलमध्ये ये. माझ्या पांढऱ्या पट्टीच्या कुळातली जोडी देईन, चुलत भावंडं आहेत. कूळ निर्मळ आहे.

डेझ्मंडला म्हणावं, शिडीवरून पडलास तर मी भेटायला येणार नाही.
लोभ वाढो.
तुझी विनी आत्या


कार्लाइल, २२ सप्टेंबर १९८७

ती. विनी आत्यास, सा. न. वि. वि.

सगळं तू सांगितलंस तसंच केलं. मादी वयात येऊ दिली, आधी सहा घरं ठरवली. ऑगस्टच्या चौदाला अकरा पिल्लं झाली, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरी पट्टी. रोज हातात घेत होते.

चौथ्या आठवड्यात तिघांची पोटं फुगली. खात होती, पण शौचाला होईना. डॉक्टर म्हणाले, आतड्याला पुढे ढकलायची ताकदच जन्मापासून नाही, उपाय नाही. मग तिघांनाही कायमचं झोपवायची सुई दिली. शेवटचं माझं बोट चाटत होतं, आत्या. डेझ्मंड बाहेर गाडीत बसून रडला.

तुझ्याकडे असं कधी झालं होतं का?
तुझी मॉइरा


हॅलिफॅक्स, २५ सप्टेंबर १९८७

चि. मॉइरा हिस अ. उ. आ.

वाईट वाटलं. पहिलटकरणीच्या वेतात असं होतं. गारठा लागला असेल, नाहीतर घट्ट खाणं लवकर सुरू केलं असशील. उरलेली ठरल्याप्रमाणे देऊन टाक. लोकांना उगाच घाबरवू नकोस. इथे आजपासून शेगडी लावली.
विनी आत्या


कार्लाइल, ४ ऑक्टोबर १९८७

ती. विनी आत्यास, सा. न. वि. वि.

परवा चौथं गेलं.

मी सहाही घरी जाऊन खरं ते सांगितलं. तीन घरांनी नको म्हटलं. उरलेल्या तिघांनी ऐकून घेतलं, आणि पुढे पिल्लं होऊ देणार नाही असा शब्द देऊन जोडी-जोडी नेली. एक राहिलं ते माझ्याजवळ.

डॉक्टर म्हणतात, हा दोष आईबापांकडून येतो, आणि अशा पांढऱ्या खुणांच्या कुळांत जास्त दिसतो. गारठ्यानं होत नाही. माझ्याकडून काही चुकलं असतं तर तू मागच्याच पत्रात माझी खरडपट्टी काढली असतीस. काढली नाहीस, त्याचीच मला भीती वाटते. रागाव हवं तर, पण मी एकदाच विचारते. तुला माहीत होतं का?
तुझी मॉइरा


हॅलिफॅक्स, १९ ऑक्टोबर १९८७

चि. मॉइरा हिस अ. उ. आ.

होय, माहीत होतं.

सात वर्षांपूर्वी पहिलं गेलं. मग दर दोन-तीन वेतांआड एखादं. मी ती सफरचंदाच्या झाडाखाली पुरली आणि वहीत 'मृत जन्मलं' असं लिहिलं. त्याच साली त्याच्या भावाला मोठा चषक मिळाला होता. लोक माझ्याकडे नर मागायला लांबून यायचे, आणि ते मला आवडायचं. तुला दिलेल्या जोडीच्या बाबतीत वाटलं, निभावेल.

काल उंदीर पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या मासिकाला सगळं लिहून पाठवलं, माझ्या नावानिशी. ज्यांना नर दिले त्या सर्वांनाही पत्रं टाकली. आता या घरात वेत होणार नाही. आहेत ती एकोणीस, आपापलं आयुष्य जगून इथेच संपतील.

तू लिहिलं नाहीस तरी समजेन.
विनी आत्या


कार्लाइल, २४ ऑक्टोबर १९८७

ती. विनी आत्यास, सा. न. वि. वि.

तीन दिवस पत्र लिहावंसंच वाटेना. अजून राग आहे, खोटं कशाला सांगू. पण तू जे छापायला दिलंस ते मला जमलं असतं की नाही, कोण जाणे. नाताळला आम्ही येतोय. वह्या बाहेर काढून ठेव, आपण दोघी मिळून दुरुस्त करू.
तुझी मॉइरा


हॅलिफॅक्स, ३० नोव्हेंबर १९८७

चि. मॉइरा हिस अ. उ. आ.

मासिक निघाल्यापासून चौदा पत्रं आली. काहींनी शिव्या घातल्यात, त्या रास्त आहेत. एक पत्र ग्रिम्सबीच्या आयव्ही क्लेगबाईंचं होतं. चार वर्षांपूर्वी माझा नर नेला होता. चार पिल्लं पोटं फुगून गेली. आपल्याच हातून काही चुकलं, असं धरून तिनं उंदीर पाळणंच सोडलं. मांजरसुद्धा आणलं नाही.

गुरुवारी दोन बस बदलून गेले. तिनं चहा केला. मी माफी मागितली. मग तिनं आपल्या चार पिल्लांची नावं एकेक करून सांगितली आणि विचारलं, तुमच्याकडे जे पहिलं गेलं, त्याचं नाव काय होतं?

मॉइरा, मी त्याला नावच दिलं नव्हतं.

नाताळला नक्की या. दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटतंय.
तुझी विनी आत्या