सहा मिनिटं पुढे

तीर्थस्वरूप आप्पा यांस,

जावयाचा शिरसाष्टांग नमस्कार. आपली तब्येत बरी असेल आणि गुडघ्याने आता जिन्याशी जुळवून घेतलं असेल. आम्ही इकडे खुशाल आहोत (म्हणजे आपली लेक खुशाल आहे, मी घड्याळं दुरुस्त करतो आहे).

गेल्या शनिवारी आपण दुकानात आलात, एका हातात माझ्यासाठी हा नवा फोन आणि दुसऱ्या हातात काच बदलायला आपलं मनगटी घड्याळ. जाताना बजावलंत, "आठ दिवस वापरा आणि कसा वाटला ते लिहून कळवा. तोंडी नको." जन्मभर पोस्टमास्तरकी केलेल्या माणसाचा हुकूम, आणि आज आठवा दिवस, म्हणून हे पत्र.

फोन अतिशय ताकदवान आहे, हे आधी सांगून टाकतो. किती, ते मला सुरुवातीला कळलं नाही. कॅमेरा असा की डासाच्या पायाएवढा स्क्रू पडद्यावर दाराच्या कडीएवढा दिसतो. तीस वर्षं डोळ्यात भिंग धरून माझी एक भुवई कायमची वर गेली होती (बँकेतल्या बाईंना वाटतं, मी त्यांच्यावर संशय घेतो), ती पहिल्याच दिवशी खाली आली. शिवाय फोनच्या पाठीला चुंबक आहे. टेबलावरच्या दिव्याच्या लोखंडी दांड्याला तो टपकन चिकटतो, आणि मग दोन्ही हात कामाला मोकळे. सोमवारी डबी लवंडून स्क्रू जमिनीवर सांडले, तेव्हा मी नुसता फोन फिरवून सगळे गोळा केले आणि आपल्या लेकीला म्हणालो, "बघ, आप्पांनी काय वस्तू दिली आहे!" ती म्हणाली, "अहो, स्क्रू चिकटतात, मग घड्याळात काय लाकूड असतं?" मी हसलो. आप्पा, तेव्हा हसायला नको होतं.

बुधवारी शाळेच्या बाई आल्या. मी सोमवारी दिलेलं त्यांचं घड्याळ दोन दिवसांत वीस मिनिटं पुढे गेलं होतं. त्या भरवशावर त्यांनी परीक्षेच्या उत्तरपत्रिका वीस मिनिटं आधी ओढून घेतल्या, आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणे अजून रडते आहे. त्यांच्या पाठोपाठ दातांचे डॉक्टर. ते अर्धा तास आधी घरी जेवायला पोचले, तर बायको बहिणीजवळ त्यांच्याविषयीच बोलत होती. ते त्यांनी दारात उभं राहून पूर्ण ऐकलं. आता त्या घरात जे चाललं आहे त्याला जबाबदार मी, असं त्यांचं म्हणणं (आणि माझी एक दाढ त्यांच्याकडे अर्धवट राहिली आहे).

दोघं गेल्यावर मी होकायंत्र काढलं. घड्याळ त्याच्याजवळ नेलं आणि काटा हलला, तर आत चुंबक शिरलं असं समजायचं. बाईंच्या घड्याळाने काटा हलला. डॉक्टरांच्या घड्याळाने हलला. फळीवरच्या अकरा घड्याळांपुढे तर तो नाचलाच. चुंबकाने आतल्या केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं. हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो, आप्पा! चुंबक उतरवायचं यंत्र माळ्यावरून खाली काढलं आणि तेव्हापासून एकेक घड्याळ शुद्धीवर आणतो आहे. गिऱ्हाइकांना सांगितलं, तेल जरा जास्त झालं होतं. कुणाचा विश्वास बसला नाही, कारण भुवई पुन्हा वर गेली आहे.

फोन स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, पिठाच्या रिकाम्या डब्यात आहे. आपण फोन केलात की डबा थरथरतो आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसतो. उत्तर येत नाही, याचा राग मानू नये.

एकंदर मत: फोन उत्तम. घड्याळजीने घेऊ नये.

पुढच्या रविवारी आपण घड्याळ न्यायला येणार आहात. अवश्य यावं. काच सुरेख बसली आहे.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. काचेच्या पलीकडचंही सांगायला हवं. आपलं घड्याळ, त्यात आपल्या वडिलांच्या मनगटावरचं, म्हणून मी ते फळीवर ठेवलं नव्हतं. मानाच्या जागी, डोळ्यांसमोर, दिव्याच्या त्याच दांड्याला टांगलं होतं. फोनच्या खाली चार बोटांवर. बुधवारी होकायंत्राचा काटा त्याच्यापुढेही हलला. चुंबक मी तेव्हाच उतरवलं, आणि आता ते अगदी बरोबर वेळ दाखवतं आहे.

आणखी ता. क. 'अगदी बरोबर' हीच अडचण आहे. फोनचं खोकं उघडण्याआधी, आपल्यासमोर, मी पावतीवर लिहिलं होतं: 'काच बदलणे. सहा मिनिटं पुढे.' आपण म्हणालात, "तुमच्या दुकानाचं घड्याळ मागे आहे." ते मागे नव्हतं. आपण रविवारी सकाळी रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावता आणि झोपताना त्याच रेडिओवर ठेवता. रेडिओच्या कर्ण्यातही चुंबक असतं, आप्पा. रोजचं एक मिनिट. शनिवारपर्यंत सहा. सव्वीस वर्षांपूर्वी मी आपल्याकडे मागणी घालायला आलो, तो वार शनिवार होता. "घड्याळजी, आणि सहा मिनिटं उशिरा!" हे आपण तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आला आहात. रविवारी तेवढं मागे घ्यावं, एवढीच विनंती. बदल्यात फोन परत करायला मी तयार आहे.

(या ओळी माझ्या.) आप्पा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. हे त्या दिवशी पावणेपाचलाच आले होते. समोरच्या शिंप्याच्या पायरीवर बसून सारखे मनगटाकडे बघत होते, आणि पाचाच्या ठोक्याला उठले. मी खिडकीतून बघत होते. तेव्हाच सांगितलं असतं. पण तुम्ही आधी विचारलं असतंत, खिडकीत काय करत होतीस.