माझं टेबल हलत नाही

४ डिसेंबर, बुधवार
आणि वर तोंड करून मलाच सांगते, धुरपदाक्का, टेबलाचं काहीतरी करा! टेबलाला काय धाड भरलीये? मेहरूणच्या मेळ्यात चार वर्षं बचत गटाचं भरीत याच टेबलावर मी ठेचते. गेटजवळचा पहिला स्टॉल. ही मृणाली काल सेक्रेटरी झाली आणि आज टेबलावर इंग्रजीत चिठ्ठी डकवून गेली. डब्ल्यू, ओ, बी, बी, एल, वाय. वॉबली, म्हणजे डळमळीत म्हणे. काढणार नाही. तिनंच येऊन काढावी.

५ डिसेंबर
गटाच्या अध्यक्ष संघमित्रा मॅडम, शाळेत शिकवतात. त्यांनी दुसरी चिठ्ठी लावली. शब्द तोच, पण ओच्या जागी ए! धरल्या दोघींना. मॅडमनी मोबाईल पाहिला, म्हणाल्या, दोन्ही चालतं. चालतं? ज्या शब्दाचं स्पेलिंग एका जागी उभं राहत नाही, तो माझ्या टेबलाला नावं ठेवणार? विषय संपला.

८ डिसेंबर, रविवार
लोटन मिस्त्री आला. मी बोलावला नव्हता. खाली वाकला, ठोकून पाहिलं, म्हणे, अक्का, टेबल नही हालत, तू हालस. एक हात मुसळीवर, दुसरा टेबलावर, बठ्ठा, सगळाच भार त्याच्यावर. खाले बसीन ठेच.
हाकलला. खाली बसून ती गटातलीच, पलीकडच्या स्टॉलवरची मोहिनी ठेचते. गिऱ्हाइकाला माझं तोंड दिसलं पाहिजे. गुडघ्यांचा काही संबंध नाही.

९ डिसेंबर
एका पायाखाली पुठ्ठा. एकदम फिट. आता दुसरा पाय अधांतरी. उद्या फरशीचा तुकडा.

१२ डिसेंबर
चारही पायांखाली विटा. डोंगर! मुद्दाम मृणालीला बोलावून दाखवलं. कार्टी म्हणते, अक्का, आता तर दोन्ही स्पेलिंगनं हलतंय. हसू दे. मीटिंगमध्ये ठरलंय, मेळ्यात काही सांडलं तर पहिला स्टॉल मोहिनीला. खुशाल ठरवा. सांडणारच नाही.

१४ डिसेंबर, दुपारी १
मेळा भरला. आसोद्याची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. रांग पार रस्त्यापर्यंत. टेबल गप्प उभं. मोहिनीकडे तीन माणसं.

दुपारी २.१०
कोणीतरी धक्का दिला. जवळ कोणी नव्हतं, पण दिला. वीट सरकली. ठेचायची लाकडी बडगी, मुसळी, भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, सगळं मातीत. मी पडले नाही. बसले.

रात्री
उठता येत नव्हतं. पुढचं सगळं गर्दीसमोर. मोहिनी आपली रांग सोडून आली, काखेत हात घातले, एका दमात उभं केलं. आणि परत आपल्या रांगेकडे गेली. बोलली असती तर बरं होतं, मला उत्तर देता आलं असतं. लोटननं टेबल सरळ केलं. एक खिळासुद्धा निघाला नव्हता.

१६ डिसेंबर, सोमवार
पहिला स्टॉल मोहिनीला. पुढच्या महिन्यात बोदवडला मेळा आहे, तिथे मी हवी असेन तर खाली बसून ठेचायचं, असा निरोप. निरोप आणला मृणालीनं. मान खाली घालून उभी होती. दोन्ही चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या. उद्या हे लिहून गटाकडे पाठवायचं:
भरीत मीच ठेचणार. खाली बसूनही ठेचीन, तेवढी ताकद आहे. पण दर घमेल्यानंतर मला उठवायला कोण येणार? मोहिनी चालेल. रविवारपर्यंत, म्हणजे बावीस तारखेपर्यंत, नावासकट उत्तर पाहिजे.