आईचं लायसन्स

विंटन, न्यूझीलंड
२० नोव्हेंबर १९९४

चि. लिनी हिस,

अनेक आशीर्वाद. तिकडे लंडनच्या बारमध्ये तू बिअर ओततेस की पितेस, ते नाही कळवलंस तरी चालेल.

बातमी अशी, की नर्सिंगचं दुसरं वर्ष मी पास झाले. एक्कावन्नाव्या वर्षी! तुझा बाप म्हणाला, बरं झालं, आता मेंढीला ताप आला तर डॉक्टर बोलवायला नको. पण घोडं अडलंय दुसरीकडेच. वीस फेब्रुवारीपासून आम्हाला खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन पेशंट बघायचेत, आणि त्यासाठी स्वतः गाडी चालवता आली पाहिजे. लायसन्स नाही तर वर्ष गेलं, विद्यार्थी-भत्ता बंद, आणि माझ्या नर्सगिरीचा बोऱ्या वाजला. मांसाचा कारखानाही बंद पडलाय, म्हणजे परत जाऊन आतडी धुवायचीसुद्धा सोय उरली नाही.

म्हणून मी संध्याकाळचा एक छोटा कोर्स घेतलाय, सावधपणे गाडी चालवण्याचा. तो केला की पक्कं लायसन्स लवकर मिळतं. आधी भत्त्याच्या ऑफिसात विचारून आले. काउंटरवरच्या पोरीनं मान वर न करताच माझ्या आईवडिलांचं उत्पन्न विचारलं. म्हटलं, बाई गं, दोघंही चर्चमागच्या जमिनीत आहेत, उत्पन्न म्हणशील तर गवत बरं येतं. मग तिनं मान वर केली. मुख्य शिक्षण चालू असेल तर असल्या कोर्सनं भत्त्याला धक्का लागत नाही म्हणाली.

वर्गात बाकी सगळी सतरा वर्षांची पोरं, तोंडभर मुरुमं. पहिल्या दिवशी त्यांनी मलाच मास्तरीण समजून सिगारेटी लपवल्या. खरे मास्तर म्हणजे पोलिसातून रिटायर झालेले डूली. ते माझ्या शेजारी बसतात तेव्हा प्रार्थना पुटपुटतात.

तुझा बाप फुगून बसलाय. इतकी वर्षं हवं तिथे नेतोय, आता हे खूळ कशाला, एवढंच म्हणाला आणि पिकअपची किल्ली खिशात घालून मेंढ्यांकडे चालता झाला.

पत्र टाक. लोभ वाढव, वजन वाढवू नकोस.

तुझी आई,
ग्लेनिस


लंडन
४ डिसेंबर १९९४

ती. आईस,

सा. न. मी बिअर ओततेच. पिते ती दुसऱ्या बारमध्ये.

आई, तुझे कोर्स मला पाठ आहेत. गिटार झाली, मधमाश्या झाल्या, मातीची भांडी झाली. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण हा कोर्स अर्धवट टाकलास तर याद राख. सोळाव्या वर्षी आजोबांनी तुला नर्स होऊ दिलं नाही, हे रडगाणं मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. आता तरी ते बंद पडू दे!

बाबांचंही चुकत नाही म्हणा. लग्नानंतर त्यांनी तुला शिकवायला घेतलं, तेव्हा तू गाडी थेट मेंढ्यांना आंघोळ घालायच्या हौदात नेलीस. तो हौद त्यांच्या डोक्यातून गेलेला नाही.

नाताळात माझ्या वाटणीचं कोकरू खा. मी इथे कुडकुडतेय.

तुझी लाडकी (दुसरी आहेच कोण?),
लिनी


विंटन
२९ जानेवारी १९९५

चि. लिनी हिस,

आशीर्वाद. मी नापास झाले.

परीक्षेला डूलींची गाडी होती, सगळं छान चाललं होतं गं. मग तो एका गाडीपुरता पूल आला. मी थांबले. पलीकडून माझी मैत्रीण आयलीन आली, तीही थांबली. मी हातानं म्हटलं, तू ये. ती म्हणाली, तूच ये. असं तीनदा झालं. शेवटी दोघींनी हँडब्रेक ओढले, उतरलो आणि पुलाच्या मध्यावर भेटलो. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, मी अजून विचारपूस केली नव्हती. मागून दुधाचा टँकर आला, त्याचा ड्रायव्हरही उतरला, तो तिचा भाचाच निघाला.

परत येते तर परीक्षकानं कागदावर काट मारलेली. गाडीतून का उतरलात म्हणून विचारलं. म्हटलं, समोर आयलीन होती. आणखी काय कारण लागतं?

हसू नकोस. घरी येऊन मी कोंबड्यांच्या खुराड्यात बसून रडले. मला नर्स व्हायचंय गं, खरंच व्हायचंय. सतरा तारखेला शेवटची संधी आहे. तोवर रोजचा सराव हवा, आणि किल्ली तुझ्या बापाच्या खिशात आहे. आणि मेले तरी मी त्याच्यापुढे हात पसरणार नाही.

आठवण ठेव,
आई


लंडन
५ फेब्रुवारी १९९५

ती. बाबांस,

सा. न. किल्ली द्या.

आई गाडी शिकली की तिला तुमची गरज उरणार नाही, ही भीती तुमच्या पोटात आहे. नाही म्हणू नका, मी तुमचीच पोरगी आहे. अहो बाबा, तिला जायचंच असतं तर हौदाच्या दिवशीच गेली असती, ओल्या कपड्यांनी, चालत. तुम्ही आधी गाडी पुसलीत आणि मग तिला टॉवेल दिलात. तरी ती राहिली.

रागवायचं तर रागवा, पण किल्ली दिल्यावर.

आपली,
लिनी


विंटन
२१ फेब्रुवारी १९९५

चि. लिनीस आशीर्वाद.

मी पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही.

बापाला असं लिहितात होय? चांगली फटकावून काढायच्या लायकीची आहेस. किल्ली दिली. रोज तिच्या शेजारी बसलो आणि नसलेला ब्रेक दाबून दाबून पाय सुजवून घेतला. शुक्रवारी परीक्षेच्या वेळी आयलीनला आपल्या घरी बोलावून चहा पाजत बसवलं. बाई उठायचं नाव घेईना, पण पूल मोकळा राहिला. तुझी आई पास झाली. भत्ताही चालू राहिला. तिनं ते मेंढ्यांनासुद्धा सांगितलं.

काल तिचा कामाचा पहिला दिवस. पिकअप घेऊन ती पहाटेच गेली. घर खायला उठलं. दुपारी शेजाऱ्याचा ट्रक मागून मी गवत आणायला निघालो. समोरून एक पिकअप आली. म्हटलं, ही कुणाची? आपली पिकअप समोरून येताना मी कधी पाहिलीच नव्हती गं. आत ग्लेनिस, नर्सच्या कपड्यांत, ताठ बसलेली.

तिनं हात हलवला नाही, हॉर्न वाजवला नाही. स्टिअरिंगवरचं एक बोट तेवढं उचललं. आपल्या रस्त्यावर एक ड्रायव्हर दुसऱ्या ड्रायव्हरला नमस्कार म्हणून उचलतो, तसं.

मीही उचललं. मग ट्रक बाजूला घेतला आणि रडलो. तिला सांगू नकोस.

तुझा बाप,
मर्व